दुप्पट मेंढ्या, मुलं तेवढीच

"ताई, माझा विश्वास कमी पडला का हो?"

म्हापशात समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की माणूस दारातून आत येऊन कसा बसतो, यावरूनही कधीकधी ओळखू येतो. आमच्या हिंदू घरांत याच दुखण्याला 'भोग' म्हणतात, त्यांच्याकडे 'परीक्षा'. मार सारखाच बसतो. त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट. त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती. लग्नानंतर बार्देशात आल्या आणि मराठी प्राथमिक शाळेत लागल्या. शाळेत सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना कोकणी बोलणारे कॅथलिकच आठवतात. "आम्ही मिशनवाले," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "आमच्यात सायबीण-मरियामातेची भक्ती नाही, नऊ दिवसांची नवेना-प्रार्थना नाही. आमचं सगळं थेट देवाशीच."

नवरा जाऊन सात महिने झाले होते. आधी पोट दुखायचं, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या. मग पाठ धरली, मग डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग. हा अवयव पोटात पार मागे असतो, त्यामुळे आजार जाणवायला लागेतो बहुतेक वेळा उशीरच झालेला असतो. निदानानंतर अकरा आठवड्यांत सगळं संपलं. त्या अकरा आठवड्यांत उपवास झाले, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या, तीन गावांहून माणसं येऊन डोक्यावर हात ठेवून गेली. आणि नंतर त्यांतल्याच एकाने ओसरीवर चहा पिताना म्हटलं, "घरात कुणाचं तरी कबूल न केलेलं पाप असणार."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी एक वेगळीच गोष्ट सांगितली. रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीला त्यांचे ओठ मिटतात आणि 'रोजची भाकर' आली की पुन्हा उघडतात. "शेजारच्या बाकावर कळत असेल का हो?" याचीच त्यांना धास्ती.

झोप, जेवण, वजन मी विचारून घेतलं. जगणं नकोसं होतं का, तेही सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर येतं. त्यांचं उत्तर 'नाही' होतं. ज्यांचं 'हो' असेल त्यांनी पुढच्या भेटीची वाट बघू नये. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

दुसऱ्या भेटीत मी चूक केली. आदल्या रात्री बायबल उघडून ईयोब वाचला होता, काही चूक नसताना मुलं, गुरं, तब्येत सगळं गमावणाऱ्या देवभक्ताची ती गोष्ट, आणि वाचलेलं माणसाच्या पोटात राहत नाही. म्हटलं, "बाई, ईयोबाचं सगळं गेलं, पण शेवटी दुप्पट मिळालंच ना?"

त्यांनी माझ्याकडे तिसरीच्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "मेंढ्या दुप्पट झाल्या. सात हजाराच्या चौदा हजार. उंट तीनाचे सहा हजार. मुलं मात्र तेवढीच, दहा. आधी दहा मेली, नंतर दहा झाली. ती पहिली दहा कुठे गेली, ताई?"

मला काही सुचलं नाही. बरंच झालं. पुढची वीसेक मिनिटं आम्ही खाली बाजाराचा आवाज ऐकत बसलो.

त्यांचं 'का' हे माझ्याकडे उत्तर मागत नव्हतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. अशा 'का'च्या खाली बहुधा एखादी ठरावीक रात्र असते, आणि माणूस तिच्याभोवती घिरट्या घालत असतो. बाईंची ती रात्र चौथ्या भेटीत आली. नवऱ्याला श्वास लागत होता, तो उशीची खोळ मुठीत धरून ओढत होता. बाई मोरीत गेल्या, नळ सोडला आणि म्हणाल्या, "प्रभू, आता ने त्याला." पहाटे तो गेला.

"अकरा आठवडे मागितलं ते ऐकलं नाही," त्या म्हणाल्या, "आणि नेमकी ही एकच ऐकली."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. 'कबूल न केलेलं पाप' ऐकून त्यांच्या हातातला कप का थरथरला, ते मला आता उलगडलं.

मी देवाची बाजू मांडायला गेले नाही, तो माझा प्रांत नाही. त्यांच्याच पर्समधल्या शाळेच्या वेळापत्रकाच्या पाठीवर आम्ही वार लिहिले. सोमवारी लघवी जवळजवळ बंद. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस, नातेवाईकांना बोलवा. बुधवारी मुलगी पुण्याहून निघाली. मोरीतली प्रार्थना गुरुवारची. बाई त्या कागदावर बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी मागितलं तेव्हा ते चाललंच होतं." आणि मग रडल्या, सात महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने.

पाप की नाही, हा प्रश्न मात्र उरलाच. त्यासाठी मी त्यांना त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे धाडलं. धाकधूक होती, कारण सगळेच पाळक ऐकून घेतात असं नाही. यांनी घेतलं. बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देव रागावला नाही, त्याला झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, हे त्यांनी वाचून दाखवलं. आणि क्रुसावर जायच्या आदल्या रात्रीचा, गेथशेमाने बागेतला येशू. "हा प्याला टळून जावो" असं आधी त्यानेही म्हटलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो तीनदा प्रार्थना करतो. ज्या ओळीला बाईंचे ओठ मिटतात ती त्याच्याही तोंडून या मागण्याच्या मागोमागच आली. "पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही अजून पहिल्या वाक्यावर आहात, असू द्या," बाईंनी मला सांगितलं. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

मला मात्र त्यांच्या शेजारणीबद्दल जास्त लिहावंसं वाटतं. ती कॅथलिक, स्वतःही विधवा. सात महिने रोज सकाळी पेज आणून द्यायची, भांडं घेऊन जायची, देवाबद्दल चकार शब्द नाही. ईयोबाचे तिघे मित्र आले तेव्हा तेही सात दिवस, सात रात्री जमिनीवर त्याच्याशेजारी गप्प बसले होते. त्यांचं बिनसलं ते तोंड उघडल्यावर, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्या बोलण्यावर.

ती ओळ बाई अजून म्हणत नाहीत. म्हणावी असं मी सुचवलेलंही नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्या शेजारणीबरोबर तिच्या नवऱ्याच्या कबरीवर गेल्या होत्या.

"आमच्यात नसतं हो असलं," मला सांगताना त्या थोड्या ओशाळल्या. "पण वारा सुटला होता, तिची मेणबत्ती सारखी विझत होती. म्हणून मी पदर आडवा धरला."