आधी पोटाकडे पाहा

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात वसंत ऋतूतील गणनेसाठी तू जाणार असल्याचे वाचून आनंद झाला. यंदा दिसलेल्या जातींची यादी शंभरापर्यंत कशी न्यावी, असे तू विचारले आहेस. यादीची हौस मलाही होती आणि ती वाईट असते असे मी म्हणणार नाही. परंतु वसंतातील पाणथळ जागा समजून घ्यायची असेल, तर कोणता पक्षी आला ह्याच्या बरोबरीने तो काय खातो आहे, किती दिवस राहतो आहे आणि किती भरून निघतो आहे, हे विचारण्याची सवय आत्तापासूनच लावून घे.

शरद ऋतूत दक्षिणेकडे उतरणारे पक्षी बहुधा थांबत थांबत जातात. वसंतात उत्तरेकडे निघालेल्यांना तशी उसंत नसते. आर्क्टिक प्रदेशात बर्फ वितळल्यापासून थंडी परतेपर्यंत जेमतेम काही आठवडे मिळतात आणि तेवढ्यात जागा धरणे, जोडीदार मिळवणे, अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे सगळे उरकायचे असते. उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येते, आणि फार लवकर पोचणाऱ्याला गोठलेल्या जमिनीवर उपासमार सोसावी लागते. २००७ साली न्यूझीलंडमध्ये उपग्रह-प्रेषक बसवलेली ‘ई-सेव्हन’ ही गॉडविट ह्या लांब चोचीच्या पाणपक्ष्याची मादी मार्चमध्ये निघाली आणि सुमारे दहा हजार किलोमीटर कुठेही न थांबता उडून पीत समुद्राच्या काठी, यालू नदीच्या मुखाजवळच्या चिखलात उतरली. हे अंतर तिने साधारण आठवडाभरात कापले, आणि त्यानंतर सुमारे पाच आठवडे ती त्या किनाऱ्यावरच राहिली. लोक त्या एका आठवड्याचे कौतुक करतात. मला ते पाच आठवडे अधिक मोलाचे वाटतात, कारण अलास्कापर्यंतच्या पुढच्या मजलेची शिदोरी तिने तिथेच बांधून घेतली. अशा लांब उड्डाणाआधी ह्या पक्ष्यांची पचनेंद्रिये आक्रसतात, म्हणजे हवेत निरुपयोगी ओझे वाहावे लागत नाही. त्यामुळे उतरल्यावर सुरुवातीचे काही दिवस तर पोट पुन्हा कामाला लावण्यातच जातात.

हे सारे दुर्बिणीतून दिसते, फक्त कुठे पाहायचे ते ठाऊक हवे. चिखलात चरणाऱ्या गॉडविटला बाजूने पाहा आणि पायांच्या मागे, शेपटीच्या खाली नजर ठेव. नुकत्याच आलेल्या पक्ष्याची तिथली रेषा आत ओढलेली असते, छातीचे हाड जाणवते, आणि चोच चिखलात खुपसताना तो मान वर काढायलाही तयार नसतो. आठ-दहा दिवसांनी तीच रेषा सरळ होते, मग फुगते, आणि निघण्याच्या सुमारास पोट मागच्या बाजूला असे लोंबते की चालताना पक्षी किंचित डुलतो. अमेरिकेत डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर मे महिन्यात हॉर्सशू खेकड्यांची अंडी खाऊन रेड नॉट हे पक्षी साधारण दोन आठवड्यांत आपले वजन दीडपटीहून अधिक वाढवतात, काहींचे तर जवळजवळ दुप्पट होते. तुझ्या वहीत संख्येच्या रकान्याशेजारी ‘पोट’ असा एक रकाना आख आणि त्यात १ (आत ओढलेले) ते ५ (लोंबणारे) असे अंक लिहीत जा. सुरुवातीला अंदाज चुकतील. पंधरवड्यात डोळा बसतो.

एकदा एका पक्ष्याच्या पायात ओळखीसाठी बसवलेल्या रंगीत पट्टीवरची अक्षरे वाचण्याच्या मोहाने मी बांधावरून वाकत वाकत पुढे गेलो. अक्षरे वाचता आली नाहीतच. उलट अख्खा थवा उठला, दोन घिरट्या घालून पलीकडच्या खोल पाण्याच्या काठी जाऊन बसला, आणि भर चरण्याच्या वेळेचा तासभर तिथे नुसताच उभा राहिला. त्या तासात त्यांनी खाल्ले काहीच नाही, वर उडण्यात चरबी जाळली ती वेगळीच. १८९९ मध्ये डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सन ह्या शिक्षकांनी स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची वाळी घातली, तेव्हापासून पायातल्या क्रमांकाचा मोह सुटलेला नाही. तुलाही तो होणार. अशा वेळी एक खूण लक्षात ठेव. पक्षी चरणे थांबवून माना ताठ करू लागले की तू आधीच गरजेपेक्षा जवळ आली आहेस. तिथेच थांब, खाली बस, आणि तरीही ते अस्वस्थ राहिले तर आल्या वाटेने मागे फीर.

पाण्याच्या पातळीची नोंद मात्र एकही दिवस चुकवू नकोस. टिलव्यासारख्या छोट्या पक्ष्याला ओला चिखल आणि फार तर तीन-चार सेंटिमीटर पाणी लागते, लांब पायांच्या गॉडविटला त्याहून खोल चालते, आणि थापट्या बदक आणखी खोल पाण्यात चोच फिरवत पोहते. म्हणून वसंतात व्यवस्थापक पाणी एकदम न सोडता हळूहळू उतरवतात, म्हणजे रोज चिखलाची नवी पट्टी उघडी पडते आणि आतले किडे-अळ्या एकाच दिवशी सुकून जात नाहीत. एका सकाळी तुतारी हे छोटे पाणपक्षी अचानक दिसेनासे झाले तर प्रवासाचे निष्कर्ष काढण्याआधी पातळीची पट्टी वाचून ये. रात्रीच्या पावसाने चिखल बुडालेला असणेही शक्य असते.

मोजण्याबद्दल थोडेच सांगतो. मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी नीट मोज, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धर आणि मग तेवढे तुकडे मोजत जा. ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी स्पष्ट शून्य लिही. माझ्या जुन्या वह्यांत कोऱ्या जागा आहेत आणि तिथे पक्षी नव्हते की मी नव्हतो, हे आता मलाही सांगता येत नाही.

संध्याकाळी बाकीचे लोक परततील तेव्हा तू थांब. आकाश निरभ्र असेल आणि वारा पाठीमागून, म्हणजे दक्षिणेकडून असेल, तर पोट भरलेल्यांपैकी काही जण चरणे सोडून पंख धुऊ लागतात, पिसे साफ करतात, आणि एरवी शांत असणारा कळप अखंड ओरडू लागतो. मग वीस-तीस पक्षी उठतात, वर्तुळे घेत चढतात, आणि काही जण अवसान गळाल्यासारखे पुन्हा खाली येतात. उरलेल्यांची वेडीवाकडी रांग बनते आणि ओरडणे दूर दूर जात राहते. परत उतरलेल्यांची संख्या निराळी लिही, तसेच वेळ, दिशा आणि वारा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच कोपऱ्यात जाऊन पाहा की मागे राहिलेल्यांची पोटे कोणत्या अंकाची आहेत, आणि ते मला कळव.

तुझा,
एक जुना गणक