भिंतीची ओल, झटका देणारा गिझर आणि शेजारधर्म

पाऊस ओसरू लागला की घरदुरुस्तीचे प्रश्न वाढतात. पुण्यातून आलेल्या या वेळच्या प्रश्नांपैकी काही स्वतःच्या घरापुरते नाहीत, शेजाऱ्यासाठी विचारलेले आहेत. त्यांचा मला विशेष आनंद झाला.

कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, पोपडे सुटतात. दोनदा वॉटरप्रूफ रंग दिला, तरी तेच. वरच्या काकू म्हणतात, आमच्याकडून गळत नाही. काय करू?

रंगाचा डबा तूर्त बंद राहू द्या. ओल बाहेरून येत असेल तर आतून दिलेला रंग तिला अडवू शकत नाही. पाणी भिंतीतले क्षार घेऊन रंगाच्या मागे येतं आणि रंगाला ढकलून पाडतं. पोपड्याखाली या क्षारांची पांढरी पूड दिसत असेल तर तो लोणा.

आधी एवढंच बघा, की उन्हाळ्यात भिंत कोरडी ठणठणीत असते का. असेल तर काकू खरं बोलत आहेत. आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून असतो, त्यामुळे ही भिंत बाहेरून सर्वांत जास्त भिजते. बाहेरून तीन जागा तपासून घ्या. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली आडवी भेग, खिडकीच्या सिलचा, म्हणजे खालच्या कट्ट्याचा, उतार (पुष्कळदा तो आतल्या बाजूला असतो) आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी चर आहे की नाही. चर नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला चिकटून थेट भिंतीपर्यंत येतं.

भिंत बाराही महिने ओली असेल तर मात्र पाइपचा संशय घ्यावा लागेल. काकूंकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तपासणी घेऊन जा. "काकू, आज रात्री तुमच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवून बघू या का?" असं विचारा. रात्रभरात गळती कमी झाली तर दोष पाणी येणाऱ्या पाइपमध्ये आहे. फरक पडला नाही तर नहाणीची जाळी बंद करून, पाण्यात रंग कालवून, ते दिवसभर फरशीवर साठू द्या. खाली रंग उतरला तर फरशीचे सांधे गेलेत. दोघांच्या डोळ्यांसमोर झालेल्या तपासणीनंतर भांडायला फारसं काही उरत नाही.

खर्चाचं म्हणाल तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. सदनिकेतल्या संडास-सिंकची गळती त्या सदस्याने. बाहेरच्या भिंतीचं काम परांचीवरचं आहे, ते स्वतः करू नका. आतलं मात्र जरूर करा. लोणा लागलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. रंग दिवाळीआधीच व्हायला हवा, हा हट्ट या वर्षी सोडा. थंडीतल्या कोरड्या हवेत दिलेला रंग टिकेल.

नळाचा वॉशर बदलला तरी थेंब थांबत नाही. (सदाशिव पेठ)

वॉशर जिथे टेकतो ती पितळी बैठक झिजली असेल. बोट फिरवून खाच लागते का बघा. लागली तर प्लंबरकडून बैठक घासून घ्या किंवा नळच बदला. एखाद्या गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद राहिल्यानंतर शुक्रवारी जे पहिलं गढूळ पाणी येतं, त्यातली रेती वॉशरमध्ये रुतते. त्या दिवशी आधी खालचा एखादा साधा नळ सोडून गढूळ पाणी वाहू द्या. बादलीत धरलंत तर संडासाला वापरता येईल.

मी निवृत्त आहे, कर्वेनगरच्या आमच्या इमारतीत सगळ्यांची किरकोळ कामं करून देतो. शेजारच्या आजींच्या गिझरच्या पाण्याला झिणझिण्या येतात. त्या म्हणतात, "तूच बघ ना." बघू का?

बघू नका. आज, आत्ता जाऊन त्यांच्या गिझरचा एमसीबी (बोर्डावरचा विजेचा खटका) खाली करा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवा. पाण्याला झिणझिण्या येतात म्हणजे वीज गळते आहे, आणि तिला जमिनीत नेणारं अर्थिंगही तुटलेलं असण्याची दाट शक्यता आहे. बोअरच्या जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षारांचा थर बसतो, तिचं आवरण फुटतं आणि पाण्यात वीज उतरते. ओल्या अंगाला ती जीवघेणी ठरते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत स्वतः काय करायचं आणि काय नाही, ही सीमा स्पष्ट आहे. 250 व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं जशीच्या तशी बदलता येतात. वायरिंगमधली भर, बदल किंवा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराचं काम. अर्थिंग या दुसऱ्या भागात येतं.

तरीही आजींना तुमची गरज आहेच. वायरमन येईल तेव्हा तिथे उभे राहा. अर्थिंग मोजलंस का, कॉइल तपासलीस का, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) आहे का, हे त्यांच्या वतीने विचारा. आरसीसीबी असेल तर त्यावरचं 'टी' बटण दाबून तो पडतो का, हे अधूनमधून बघत जा. एकट्या राहणाऱ्या माणसाला कारागिरापेक्षा अशा सोबतीची उणीव अधिक भासते.

त्यांचा पंखा हळू फिरत असेल तर तो मात्र तुमच्या हातचा. बहुधा कॅपॅसिटर गेलेला असतो. जुन्यावरचा आकडा, बहुतेक वेळा 2.5 मायक्रोफॅरड, लिहून घ्या आणि तोच विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणा. एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री केल्यावरच घोड्यावर (दुहेरी शिडीवर) चढा. जुन्या कॅपॅसिटरच्या तारांना उघड्या हाताने शिवू नका, त्यात वीज साठलेली असू शकते.

कसब्यातल्या वाड्यात दोन खोल्या आहेत. पुस्तकांची फळी ठोकायचीय, पण भिंतीतून नुसती माती येते.

माती येते म्हणजे भिंत कच्च्या मातीच्या विटांची किंवा मातीत बांधलेली असणार. तिथे प्लास्टिकची गिट्टी धरणार नाही आणि मोठं भोक पाडलं तर ढपलाच निघेल. वाड्याचं वजन लाकडी खांब-तुळया पेलतात, भिंत त्यांच्यामधली भर असते. फळीचे ब्रॅकेट खांबांना स्क्रूने लावा, पण आधी खांब टोचून बघा. वाळवी लागलेला असेल तर तिथेही नको. पुस्तकं जड असतील तर जमिनीवर उभं राहणारं कपाटच बरं. आणि पडलेला गिलावा सिमेंटने भरू नका, चुन्याने भरा. सिमेंट मातीतली ओल बाहेर पडू देत नाही.

सोसायटीत सामाईक हत्यारं घ्यायची आहेत. काय घ्यावं?

हॅमर ड्रिल, काँक्रीटची बिटं, घोडा, लेव्हल आणि चांगला टेस्टर. बोहरी आळीत बहुतेक सगळं मिळेल. टेस्टर देताना आधी चालू प्लगवर तपासून द्या. पक्कड आणि पाना मात्र ज्याच्या त्याच्या घरी हवा, कारण पाइप रात्रीही फुटतो. ती खरेदी होईल तेव्हाच प्रत्येक घराच्या पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हवर फ्लॅट नंबर रंगवून घ्या, आणि घरातल्या मुलांनाही तो एकदा बंद करून दाखवा.