हवेतला कार्बन कुणाचा, हे स्वतः तपासताना

प्रिय,

तुझं पत्र पोचलं. गावातल्या पहिल्याच बैठकीत तुला विचारलं गेलं, "पृथ्वी याआधीही तापली, गारठली. मग या वेळीच माणसाला का धरता?" असं विचारणाऱ्यावर रागावू नकोस. प्रश्न रास्त आहे आणि हवामानशास्त्राने तो स्वतःला शंभराहून अधिक वर्षं विचारला आहे. "सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत आहे" एवढंच उत्तर मात्र देऊ नकोस. एकमत आहेच. वातावरण, समुद्र आणि जमीन माणसामुळे तापली हे निःसंदिग्ध आहे, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालात स्पष्ट लिहिलेलं आहे. पण एकमताचा दाखला दिला की समोरचा गप्प बसतो, त्याला पटत नाही. फळ्यावर हिशोब मांडलास तर तो स्वतः वही काढेल.

सुरुवात कार्बनच्या जमाखर्चापासून कर. वातावरणाचं एकूण वजन सुमारे ५१.५ लाख अब्ज टन. पीपीएम म्हणजे दहा लाख रेणूंमागे किती रेणू. हवेचा सरासरी रेणूभार २८.९७ आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४. म्हणून ५१.५ लाख अब्जाला दहा लाखांनी भाग, ४४ ने गुण आणि २८.९७ ने भाग. उत्तर येतं ७.८ अब्ज टन. म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड १ पीपीएमने वाढायला ७.८ अब्ज टन वायू लागतो. हा आकडा पाठ कर, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांतून जग वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. जंगलतोड आणि जमिनीच्या वापरातले बदल यांचे आणखी ४ अब्ज टन धर. एकूण ४१. त्याला ७.८ ने भागलं की सव्वापाच पीपीएम येतात. हवेत प्रत्यक्षात वाढ होते ती वर्षाला अडीच पीपीएमच्या आसपास. म्हणजे माणूस जेवढं टाकतो, त्याच्या निम्म्यानेच हवेतलं प्रमाण वाढतं. उरलेलं समुद्राने आणि झाडाझुडपांनी ओढून घेतलं. "हा कार्बन निसर्गातूनच आला असेल" या शंकेला इथेच उत्तर मिळतं, कारण निसर्ग एकूण हिशोबात घेणारा ठरतो, देणारा नाही. समुद्रात कार्बन वाढतोय, त्याचा सामू (आम्लतेचं माप, तो उतरला की आम्लता वाढते) औद्योगिक काळाआधीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरलाय. ज्याच्या खात्यात शिल्लक वाढते आहे त्याने हवेला उधार दिलं, असं म्हणता येत नाही. माझ्या मते सगळ्या पुराव्यांत हा सर्वांत भक्कम. त्याला कुठलंही हवामान-प्रारूप (संगणकावर मांडलेलं हवामानाचं गणित) लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतात.

या हिशोबात लोक दोन ठिकाणी घसरतात. काही तक्त्यांत आकडे कार्बनचे असतात, काहींत कार्बन डायऑक्साइडचे. १० अब्ज टन कार्बन म्हणजे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड, कारण ४४ भागिले १२ म्हणजे ३.६७. एकक न बघता दोन्ही एका ओळीत लिहिलेस तर उत्तर जवळपास चौपट चुकेल. दुसरी चूक मोजमापाच्या महिन्याची. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ पासून ही मोजणी सुरू केली. तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली. पण उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वायू शोषतात, म्हणून दरवर्षी मे महिन्यात आकडा सर्वांत वर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत खाली असतो. फरक सहा-सात पीपीएमचा. एका वर्षाचा मे आणि दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर यांची तुलना केलीस तर वाढ थांबल्याचाही भास होईल. मे ची तुलना मे शी, नाहीतर पूर्ण वर्षाची सरासरी.

बैठकीत हमखास कुणीतरी म्हणेल, "लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी, मग त्यातून अडीच-पावणेतीन किलो धूर कसा?" हा प्रश्न आला तर तो सोडू नकोस, त्यावर थांब. डिझेलचं लिटर साधारण ८३० ग्रॅम भरतं. त्यात ८६ टक्के कार्बन, म्हणजे ७०० ग्रॅमच्या वर. जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बनला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन जोडला जातो. वजन वाढतं ते त्या ऑक्सिजनमुळे. घरातल्या १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधून याच हिशोबाने सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आणि हा ऑक्सिजन हवेतून गेला असेल तर हवेतला ऑक्सिजन कमी झालेला दिसायला हवा. तसा तो दिसतो. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही मोजणी उभी केली. घट इतकी थोडी आहे की श्वासाला काहीही बाधा नाही, हे आवर्जून सांग, नाहीतर घबराट पसरेल. पण समुद्रात विरघळलेला वायू नुसताच बाहेर पडला असता तर ऑक्सिजन अशा प्रमाणात घटला नसता. काहीतरी जळतंय, एवढं यातून निश्चित होतं.

काय जळतंय, ते कार्बनचे समस्थानिक, म्हणजे कार्बनचेच वेगवेगळ्या वजनांचे अणू, सांगतात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. चंद्रपूर-वणीच्या खाणींतला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, त्यात कार्बन-१४ शिल्लकच नाही. असा कार्बन हवेत मिसळत गेला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण उतरतं. ही घसरण हान्स स्यूस या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच झाडांच्या वार्षिक वलयांत दाखवली. इथे एक खड्डा आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला होता. १९६३ नंतरच्या आलेखातली मोठी घसरण म्हणजे तो साठा समुद्रात आणि झाडांत मुरण्याची आहे. ती कोळशाच्या नावावर खपवलीस आणि समोर भौतिकशास्त्राचा शिक्षक बसला असला तर पुढचं तुझं काहीच कुणी ऐकणार नाही. म्हणून कार्बन-१४ साठी अणुचाचण्यांपूर्वीचा पुरावा दे, आणि नंतरच्या काळासाठी कार्बन-१३ घे. झाडं हलका कार्बन-१२ पसंत करतात, त्यामुळे झाडांपासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१३ कमी असतो. हवेतलं कार्बन-१३ आणि कार्बन-१२ चं गुणोत्तर (एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारामागे किती कमी, असं ते मोजतात) औद्योगिक काळाआधीच्या उणे ६.५ प्रतिसहस्र वरून आता उणे ८.५ च्या आसपास आलं आहे. ज्वालामुखीच्या वायूत कार्बन-१३ इतका कमी नसतो, तो मिसळून ही घसरण होणार नाही. एकट्या कार्बन-१३ वरून मात्र जळालेलं जंगल आणि जळालेला कोळसा वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून दोन्ही समस्थानिक हाताशी हवेत.

ज्वालामुखी तसेही वर्षाला अर्धा अब्ज टनाच्या आसपासच वायू सोडतात, माणसाच्या एक-दीड टक्का. जून १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनातुबो फुटला, तेव्हा त्याच्या गंधकाच्या धुराने पृथ्वी वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशाने गारच झाली.

आता दुसरा भाग. वायू माणसाचा हे ठरलं, पण ऊब त्याचीच हे कशावरून? सूर्य तापला असेल, अशी शंका येईल. उपग्रह १९७८ पासून सूर्याची ऊर्जा मोजतात. अकरा वर्षांच्या चक्रात ती ०.१ टक्क्याने वरखाली होते, पण चढता कल नाही. याहून चांगली खूण उंचावर सापडते. सूर्य कारणीभूत असता तर जमिनीपासून स्थितांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरापर्यंत, सगळेच थर तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचा थर तापतो आणि स्थितांबर थंड होतं. सुकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ सालीच गणिताने हे भाकीत मांडलं होतं आणि नंतरच्या उपग्रहांना तेच दिसलं. मनाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत ते मिळालेल्या क्लाउस हासेलमान यांनी अशा खुणा नैसर्गिक चढउतारांतून वेगळ्या काढण्याची पद्धत घडवली. आलेख दाखवताना तीस ते पन्नास किलोमीटर उंचीचा घे. स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोनच्या ऱ्हासाचाही वाटा मिसळलेला आहे.

हिमयुगांचा मुद्दा तर हटकून निघेल. ती पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि अक्षातल्या बदलांमुळे आली-गेली, २३ हजार, ४१ हजार आणि १ लाख वर्षांच्या चक्रांनी. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला हजारो वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षांची हवा अडकलेली आहे आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड १८० ते ३०० पीपीएमच्या दरम्यानच राहिला. कुणी म्हणेल, तेव्हा आधी तापमान वाढलं आणि मग वायू. काही टप्प्यांवर तसं दिसतं. कक्षेने सुरुवात केली, तापलेल्या समुद्राने वायू सोडला, त्या वायूने आणखी तापवलं. आज समुद्र वायू घेतो आहे, हे वरच्या हिशोबात तू दाखवलेलंच असेल.

आयपीसीसीचा एक आकडा नीट समजून घे, कारण त्यावर फार गोंधळ होतो. १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–१९ मधली मानवी तापमानवाढ १.०७ अंश, आणि प्रत्यक्ष मोजलेली १.०६. हरितगृह वायूंनी (कार्बन डायऑक्साइडसारख्या ऊब अडकवणाऱ्या वायूंनी) १ ते २ अंश तापवलं, धूलिकण आणि गंधकाच्या प्रदूषणाने ० ते ०.८ अंश गार केलं, सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१. म्हणून हरितगृह वायूंचा वाटा शंभर टक्क्यांहून जास्तही निघू शकतो. हिशोब चुकला असं वाटून घेऊ नकोस.

भारताबद्दल बोलताना हेच लागेल. पुण्याच्या आयआयटीएम या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाने वाढलं. जगातल्या जमिनीच्या सरासरीपेक्षा हे कमी आहे. उत्तर भारतावरचा धुरकट थर आणि सिंचनाची ओल यांनी काही वाढ झाकलेली आहे. धूर कमी करायलाच हवा, फुप्फुसांसाठी. पण तो हटला की झाकलेली ऊब वर येईल, हेही लोकांना आत्ताच सांगून ठेव.

तू स्वतःच्या जिल्ह्याची आकडेवारी काढायची म्हणतेस, ते उत्तम. भारतीय हवामान विभागाची जाळीवार (नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाची) दैनिक आकडेवारी मिळते, तापमानाची १९५१ पासून आणि पावसाची १९०१ पासून. तीस वर्षांहून कमी काळाचा कल काढू नकोस. कोरं तापमान मांडू नकोस, १९९१–२०२० च्या सरासरीपासूनचा फरक मांड. एकाच केंद्राची नोंद घेणार असलीस तर आधी केंद्राचा इतिहास विचार. जागा बदलली का, शेजारी इमारत उठली का, नोंदीची वेळ तीच आहे का. "शहरं वाढली म्हणून तापमान वाढलं" हा आक्षेप त्या एका केंद्रापुरता खरा असू शकतो. जगाच्या पातळीवर तो टिकत नाही, कारण समुद्रही तापला आहे आणि तिथे शहर नाही. रिचर्ड म्युलर या शंकेखोर भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये सगळी आकडेवारी नव्याने तपासली, तेव्हा वाढ तेवढीच निघाली. आणि एका केंद्रावर किती विसंबायचं, याचं उत्तर २६ जुलै २००५ ला मुंबईनेच दिलेलं आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३.

शेवटची गोष्ट, जिच्यात चांगली माणसंही घसरतात. पृथ्वी माणसामुळे तापली हे पक्कं आहे. म्हणून अमुक दिवसाचा पाऊस किंवा तमुक दिवसाची लाहीलाही माणसामुळेच, हे आपोआप सिद्ध होत नाही. त्याचा अभ्यास वेगळा असतो. आधी घटनेची व्याख्या करतात: कोणता प्रदेश, किती दिवस, काय मोजायचं (पाऊस की तापमान). ही चौकट घटनेचा सर्वांत भडक आकडा बघून आखली की निकाल फुगतो. मग जुन्या नोंदींवरून ती घटना किती वर्षांनी एकदा येते ते काढतात आणि तापमानवाढ नसलेल्या जगाशी प्रारूपांतून तुलना करतात. ज्या प्रारूपाला तिथला मोसमी पाऊसच नीट उभा करता येत नाही, ते बाजूला ठेवतात. मार्च-एप्रिल २०२२ ची भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट या पद्धतीने सुमारे ३० पट अधिक संभाव्य झालेली निघाली. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईतल्या पावसात मात्र माणसाचा हात दिसला नाही. मे २०१६ मध्ये राजस्थानात फलोदीला ५१ अंश नोंदले गेले, तिथेही कल सापडला नाही. धुरकट हवा आणि सिंचन ही त्याची संभाव्य कारणं सांगितली गेली. ही नकारार्थी उत्तरं लपवू नकोस. तीच पद्धत एकीकडे "हो" आणि दुसरीकडे "सापडत नाही" म्हणते, म्हणून तिच्या "हो"ला वजन आहे. पुराबद्दल बोलताना पाऊस आणि नुकसान हे दोन रकाने वेगळे ठेव. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, तो पावसाचा भाग. पूररेषेच्या आत बांधलेली घरं हा दुसरा, आणि तिथे हवामानबदलाचं नाव पुढे केलं की परवानगी देणारे सुटतात.

पुढच्या बैठकीआधी सव्वापाच पीपीएमचं गणित एकदा कागदावर, कुठेही न बघता करून बघ. मग जिल्ह्याच्या एप्रिल-मेच्या किमान आणि कमाल तापमानांचे दोन वेगवेगळे आलेख काढून मला पाठव. प्रत्येक अक्षावर एकक लिही आणि कोणत्या वर्षाची नोंद अपुरी आहे, ते खाली टिपून ठेव.

सस्नेह