दहा समभागांचा एक झाला, तेव्हा आपला वाटा किती राहिला?

आपण डिचोलीहून विचारले आहे की, डिमॅट खात्यातील 1,265 समभाग एका सकाळी दिसेनासे झाले, चार दिवसांनी त्यांच्या जागी 126 आले आणि ॲपवर तोट्याऐवजी एकाएकी मोठा नफा दिसू लागला. तेव्हा कंपनीने आपले समभाग काढून घेतले की काय? फोंड्यात शेअर दलालाच्या कार्यालयात मी बरीच वर्षे काम केले आहे आणि हीच धास्ती घेऊन आलेली माणसे पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण दिलेल्या माहितीनुसार 1 रुपया दर्शनी मूल्याच्या (म्हणजे कंपनीने समभागावर नमूद केलेल्या मूळ किमतीच्या, बाजारभावाच्या नव्हे) दहा समभागांचा 10 रुपयांचा एक समभाग झाला आहे. यालाच एकत्रीकरण किंवा रिव्हर्स स्प्लिट म्हणतात. आदल्या दिवशीच्या 4.80 रुपये भावाने आपल्याकडे 6,072 रुपयांचे समभाग होते. आता 48 रुपये भावाने 126 समभागांचे 6,048 रुपये होतात आणि उरलेल्या अर्ध्या समभागाचे 24. बेरीज तीच येते. हा अर्धा समभाग खात्यात जमा होत नाही. सर्वांचे असे अपूर्णांक एकत्र करून विश्वस्तामार्फत बाजारात विकले जातात आणि ज्याची त्याची रक्कम नोंदवलेल्या बँक खात्यात येते. विक्रीच्या दिवशी जो भाव मिळेल तो मिळेल, त्यामुळे 24 रुपयांत थोडा फरक पडू शकतो.

मधले चार दिवस समभाग दिसले नाहीत, कारण जुना आयसिन क्रमांक, म्हणजे त्या समभागाचा ओळख क्रमांक, बंद होऊन नवा लागू झाला. ॲपवरचा नफा मात्र खरा नाही. आपली सरासरी खरेदी 14 रुपयांची होती. ती तशीच ठेवून ॲपने तिची तुलना 48 रुपयांशी केली. खरी सरासरी आता 140 रुपये आहे. दलालाला लेखी कळवून ती दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढे समभाग विकल्यावर झालेल्या तोट्याऐवजी न झालेला नफा प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवला जाईल.

समभागांची संख्या सर्वांचीच दहापट घटली असल्यामुळे कंपनीतील आपला हिस्सा, तो अर्धा समभाग सोडला तर, होता तेवढाच राहतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 61 नुसार, एकत्रीकरणामुळे भागधारकांच्या मताधिकाराच्या टक्केवारीत बदल होणार असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. गोव्यातील कंपन्यांसाठी ते मुंबईचे खंडपीठ आहे. ही तरतूद मला महत्त्वाची वाटते, कारण ज्याच्याकडे दहापेक्षा कमी समभाग असतात त्याच्या हाती पैसे पडतात आणि तो भागधारकच उरत नाही.

कंपन्या हे का करतात? अमेरिकेत नॅस्डॅक या शेअर बाजारात भाव सलग 30 व्यवहार दिवस एका डॉलरखाली राहिला की कंपनीला नियमभंगाची नोटीस येते, म्हणून तिथे हा उपाय वरचेवर होतो. आपल्याकडे बहुधा चिल्लर भावाचा शिक्का पुसण्याचा हेतू असतो. परंतु भाव वाढलेला दिसला म्हणून धंदा सुधारत नाही. मे 2011 मध्ये सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने दहास एक या प्रमाणात एकत्रीकरण केले आणि सुमारे साडेचार डॉलरचा भाव 45 च्या आसपास गेला. त्याच वर्षअखेरीस तो 27 डॉलरच्याही खाली होता.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो ते सांगतो. दर्शनी मूल्य त्याच प्रमाणात वाढले आहे का, हे कंपनीच्या पत्रात स्वतः वाचा. वाढले नसेल, तर ते निव्वळ एकत्रीकरण नसून त्यात भांडवल कपात आहे, म्हणजे भागधारकांच्या भांडवलाचा काही भाग रद्द केला आहे. अशा कपातीनंतर नवे समभाग कोणाला आणि किती दिले जात आहेत, यावर जुन्या भागधारकाचे सारे भवितव्य ठरते. 2019 मध्ये रुची सोया दिवाळखोरी प्रक्रियेतून पतंजली समूहाकडे गेली, तेव्हा 2 रुपयांच्या 100 समभागांमागे 2 रुपयांचाच 1 समभाग उरला आणि जवळपास 99 टक्के मालकी नव्या समूहाकडे गेली. तिथे केवळ समभागांची संख्या घटली नाही, जुन्या भागधारकांचा हिस्साही गेला. आपल्या बाबतीत दर्शनी मूल्य 1 वरून 10 झाले आहे, त्यामुळे तूर्त तसे काही झालेले नाही. मात्र येत्या वर्षात कंपनीने प्राधान्याने, म्हणजे निवडक लोकांनाच, नवे समभाग देण्याचा ठराव आणला, तर तो न वाचता सोडू नका.

घरात कागदी प्रमाणपत्रे असतील तर तीही आताच काढून पाहा. आमच्या शेजारच्या काकूंच्या दिवंगत यजमानांच्या नावे एका कंपनीचे असेच आठ समभाग होते. एकत्रीकरणानंतर यजमानांच्याच नावाचा धनादेश आला, पण त्यांचे खाते तोवर बंद झालेले होते. रक्कम लहान असली तरी काकू तो धनादेश प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून माझ्याकडे घेऊन आल्या, तेव्हा त्याची मुदत संपून गेली होती. वारसांच्या इन्व्हेंटरीतही, म्हणजे वाटणीसाठी केलेल्या मालमत्तेच्या यादीतही, जुनीच संख्या लिहिलेली होती, त्यामुळे कंपनीचे पत्र जोडून ती आधी दुरुस्त करावी लागली. आपल्या वडिलांच्या नावे काही समभाग असल्याचे आपण लिहिले आहे. त्यांचे बँक खाते आणि केवायसी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे) अद्ययावत आहे का, हे या आठवड्यातच विचारून घ्या.