भाला घेऊन परतलेला करकोचा

प्रश्न : काही पक्षी हिवाळ्यात परदेशी जातात, याचा पुरावा एका करकोच्याने स्वतःच्या मानेतून आणला, असे वाचनात आले. ही दंतकथा समजावी का?

उत्तर : नाही, हा पुरावा आजही डोळ्यांनी पाहता येतो. मे १८२२ मध्ये उत्तर जर्मनीतील क्ल्यूट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला, तेव्हा त्याच्या मानेत सुमारे पाऊण मीटर लांबीचा भाला आरपार रुतलेला होता आणि त्याचे लाकूड मध्य आफ्रिकेतले निघाले. म्हणजे तिकडे कुणीतरी नेम धरून फेकलेला भाला मानेत वागवीत हा पक्षी हजारो किलोमीटर उडत आला होता. रोस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहात तो भाल्यासकट जपलेला आहे. पुढे असे आणखीही करकोचे सापडले आणि जर्मन भाषेत त्यांना 'फाइलश्टोर्ख', म्हणजे बाणकरकोचा, असे नाव पडले.

या भाल्याचे मोल कळण्यासाठी आधीच्या समजुती पाहायला हव्यात. पाकोळ्या हिवाळ्यात पिसे गाळून बिळांत दडून बसतात, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने लिहिले होते. १५५५ मध्ये ओलाउस मॅग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने तर मासे धरणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात पाण्याखालून पाकोळ्यांचे घोसच्या घोस येतात, असे सांगितले. सतराव्या शतकात चार्ल्स मॉर्टन या इंग्रज विद्वानाने पक्ष्यांना थेट चंद्रावर धाडले. मात्र पक्षी दडत नाहीत, दूर कुठेतरी जातात, एवढे त्याने बरोबर हेरले होते. पत्ता तेवढा चुकला.

प्रश्न : लाकडाला लागणाऱ्या शिंपल्यांतून पक्षी जन्मतात, असेही लोक मानत होते काय?

उत्तर : होय. बार्नॅकल गूज हा हंसकुळातील पक्षी उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्यापुरता ब्रिटन-आयर्लंडमध्ये येतो, त्यामुळे तिथल्या लोकांनी त्याचे घरटे कधी पाहिलेच नव्हते. त्याच किनाऱ्यांवर वाहून आलेल्या ओंडक्यांना लांब देठाचे कवचधारी जीव लटकलेले असत. काळपट मानेसारखा देठ, टोकाला पांढरे कवच आणि फटीतून डोकावणारे पिसांसारखे तंतू पाहून, हीच पक्ष्याची पिल्ले, असा निष्कर्ष निघाला. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरू-लेखकाने हे लिहून ठेवलेच, शिवाय हा पक्षी मांसातून जन्मलेला नाही, या सबबीवर आयर्लंडमधील काही धर्मगुरू तो उपवासालाही खात, अशी नोंद केली. सोयीची समजूत लवकर मरत नाही. १५९६ मध्ये बॅरेंट्स या दर्यावर्दीसोबतच्या डच खलाशांना उत्तर ध्रुवाकडील स्पिट्सबर्गन बेटावर याच्याच जवळच्या जातीचे, असेच जन्मतात असे मानले गेलेले पक्षी अंड्यांवर बसलेले दिसले. गंमत अशी की, बार्नॅकल हे इंग्रजी नाव मुळात पक्ष्याचे. ओंडक्यावरच्या त्या जिवाला ते या गैरसमजातूनच चिकटले.