तुमचे प्रश्न : जुन्या बोर्डिंगची ओल

प्रश्न : आमच्या जुन्या विद्यार्थी बोर्डिंगच्या विटांच्या भिंतींना ओल आहे. सिमेंटचा गिलावा दोनदा केला, तरी पोपडे सुटतात. अमेरिकेत बॉयसी शहरात बास्क लोकांचं (मूळचे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे) बोर्डिंग जपलंय म्हणे. त्यांनी काय केलं असेल? – एक वाचक, सातारा

उत्तर : बॉयसीचं ते विटांचं घर १८६४ मध्ये एका व्यापाऱ्यानं बांधलं. १९१० ते १९६९ तिथं बास्क लोक राहिले, त्यांत मेंढपाळ बरेच. हिवाळ्यात ते डोंगरावरून उतरले की खोल्या भरत. आता ते संग्रहालयाकडे आहे. पण तिथली हवा कोरडी, त्यामुळे साताऱ्याच्या पावसाला तो दाखला पुरत नाही.

तुमच्या भिंतींचा दोष सिमेंटचाच. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंट ती आतच कोंडतं. मग क्षार गिलाव्यामागे साठतात आणि पोपडा सुटतो.

आधी पन्हळ आणि पायथ्याशी साचणारं पाणी बघा, नाहीतर खर्च वाया. ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंतचं सिमेंट हलक्या हातानं काढा. ब्रेकर लावलात तर विटांचे कोपरे उडतील. सांधे दीड-दोन सेंटिमीटर खरवडा, क्षारांचा पांढरा थर कोरड्या ब्रशनं झाडा. भिंत निदान एक उन्हाळा उघडी वाळू द्या. मग भिजवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू तीन भाग, असा गिलावा करा. एका थराची जाडी १० मिलिमीटरच ठेवा आणि आठवडाभर ओलं गोणपाट लावा. वर चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंट दिलात की सगळं पुन्हा पहिल्यापासून.