डिस्कच्या पोटातली माहिती : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांचे चित्रीकरण आम्ही सीडींवर उतरवून ठेवले होते. वेष्टने केव्हाच हरवली. सीडी कोणत्या कारखान्याची, हे आता कळेल का? (छायाचित्रकार, देसाईगंज)

उत्तर : बहुधा कळेल, आणि त्यासाठी चित्रीकरणाला धक्का लावावा लागत नाही. रेकॉर्ड करता येणाऱ्या सीडीत कारखान्यातच एक नागमोडी खाच उमटवलेली असते. तिच्या २२.०५ किलोहर्ट्झच्या लहरींत किंचित फेरफार करून वेळेचे आकडे भरलेले असतात. या माहितीला ‘एटिप’ म्हणतात. तीत लीड-इनच्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या कडेजवळच्या सुरुवातीच्या पट्ट्याच्या, आरंभाची वेळ मिनिट, सेकंद, फ्रेम (सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग) अशी दिलेली असते आणि तीच उत्पादकाची खूण ठरते. लिनक्सवरील ‘वोडिम’ या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रामकडून एटिप मागवल्यावर पडद्यावर ९७:१७:०६ असे उमटले, तर ती मोझर बेअरची सीडी, ९७:२४:०१ असेल, तर जपानच्या तैयो युडेनची. शेवटचा अंक बदलू शकतो, म्हणून आधीच्या अंकांकडे पाहावे. छापील नावावर विसंबू नये, कारण अनेक कंपन्या दुसऱ्याच्या कारखान्यातला माल स्वतःच्या नावाने विकत असत.

प्रश्न : शाळेच्या जुन्या संगणकात सीडी चालते, पण एटिप दिसत नाही. (शिक्षक, दिग्रस)

उत्तर : तो ड्राइव्ह फक्त वाचणारा असावा. खाचेतल्या लहरी उलगडण्याची सोय साधारणपणे राइटरमध्येच, म्हणजे डिस्कवर लिहूही शकणाऱ्या ड्राइव्हमध्येच, असते. यूएसबीला जोडायचा राइटर वापरून पाहावा.

प्रश्न : शेतीच्या वादात एक डीव्हीडी पुढे आली आहे. ती कोणत्या यंत्रावर लिहिली, हे सांगता येते का? (आर्वी)

उत्तर : डीव्हीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडींचा एक प्रकार, असेल, तर आतल्या कडेजवळ ‘रेकॉर्डिंग मॅनेजमेंट एरिया’ नावाचा भाग असतो. राइटर तिथे आपल्या उत्पादकाचे नाव, मॉडेल आणि पुष्कळदा अनुक्रमांकही नोंदवतो. यावरून यंत्राचा माग लागतो, माणसाचा नाही. शिवाय समोरची डिस्क मूळ नसून नक्कल असेल, तर नोंद नक्कल करणाऱ्या यंत्राची मिळेल. म्हणून माझा आग्रह आहे, की घरी प्रयोग करू नयेत. डिस्कवर नवे काहीही न लिहिता ती वकिलामार्फत न्यायालयाच्या स्वाधीन करावी. तपासणीचा आदेश झाल्यास नागपूरला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे.

प्रश्न : खूण चांगल्या कंपनीची निघाली, तर सीडी अजून किती टिकेल? (सिंदेवाही)

उत्तर : ती खूण याविषयी काहीच सांगत नाही. लिहिलेला रंगथर विरत गेला, तरी एटिपचे आकडे तेच राहतात. प्रकृती कळते ती चुकांच्या मोजणीतून, आणि अशी मोजणी निवडक राइटरच करू देतात. सीडीसाठी सेकंदाला सरासरी २२० ही वाचनातल्या प्राथमिक चुकांची मान्य मर्यादा आहे. ‘सी-टू’ चुका, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यात न सुधारलेल्या चुका, दिसू लागल्या, तर त्याच दिवशी प्रत काढावी. चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली राहिलेल्या सीडी आधी घ्याव्यात. अडखळणाऱ्या डेटा सीडीसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हे माहिती वाचवणारे सॉफ्टवेअर वापरावे. ते चांगला भाग आधी उतरवून घेते आणि खराब जागांकडे नंतर वळते.